दहा अँपिअरचा माणूस

...आणि वर मलाच विचारतो, "हाजी, हा कॉम्प्युटर आहे की मसाल्याचा डबा?" आता यावर माणसाने काय बोलावं? अकरा वर्षं ज्याने निमूटपणे माझी चाकरी केली त्याचं झाकण या निब्रासने काढलं, आत डोकावला आणि शिंकला. एकदा नाही, सहा वेळा. मी मोजल्या. सातवी यायची म्हणून तोंड उघडलं, ती आलीच नाही, आणि त्या उघड्या तोंडाने तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय, मागे तीन गिऱ्हाइकं आम्हा दोघांकडे बघतायत... तुम्हाला सांगतो, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

पण माझी चूक काय? बगदादच्या शोरजा बाजारात माझं दुकान. वाळवलेली लिंबं, जिरं, हळद, वेलची. पहिली पाच वर्षं तो कॉम्प्युटर दुकानातच होता, पोत्यांच्या मधोमध, मग घरी नेला. जिथे राहिला तिथलं थोडं अंगाला लागणारच ना? आता तापला की त्याला बिर्याणीचा वास येतो, हे खरं. पाहुणे येतात, नाक वर करतात, "काय शिजतंय?" म्हणतात. काही शिजत नाही, बाबांनो. मी गाडी चालवतोय.

बत्तीस वर्षं शोरजात काढली मी. गिऱ्हाईक दुकानदाराच्या मालाला नावं ठेवतं, ही जगाची रीत. "ही वेलची? ही तर माझ्या आजोबांच्या लग्नातली," असं म्हणायचं आणि मग भाव पाडायचा. पण दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या मालाला नावं ठेवायची? हे नव्हतं पाहिलं.

थांबा, गाडीचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल अठ्ठावन्न वर्षांचा घोडा आणि याला खेळायला कॉम्प्युटर कशाला हवा. माझी थोरली बहीण बहीजा, वय एकसष्ट, राहते स्वीडनमध्ये, माल्मोला. नवरा गेला, मुलगी कामाला जाते, बाई घरात एकटी. बगदादमध्ये असताना तिने साधी सायकल चालवली नाही, रस्ता ओलांडताना माझा दंड धरायची, अजून वळ असतील. आणि आता? मालट्रक चालवते. खेळातला. बावीस टनांचा. दर शुक्रवारी दुपारचं जेवण झालं की ती तिच्या स्क्रीनसमोर, मी माझ्या, कानाला हेडफोन, आणि आम्ही दोघं आपापला ट्रक घेऊन निघतो. ती पुढे, मी मागे. एका गावातून टोमॅटो उचलायचे, दुसऱ्या गावात टाकायचे. झालं, एवढाच खेळ. जिंकणं नाही, हरणं नाही.

तुम्ही म्हणाल, मग फोन का करत नाही? फोन करतो की. फोनवर काय बोलते? "मी छान आहे, तू कसा आहेस, सगळे छान, बरं ठेवते." दोन मिनिटं. पण ट्रकमध्ये बसली की तोंड सुटतं. समोर रस्ता असला की माणसाला एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही ना... गुडघ्यांचं बोलते, शेजारीण बर्फ झाडते तिचं बोलते. नवरा गेला त्या रात्री काय झालं, हे तिने मला फोनवर कधी सांगितलं नाही. सांगितलं ते एका घाटात, चौथ्या गिअरमध्ये. आणि मध्येच, "इंडिकेटर दे, गाढवा."

तर अशी ही माझी शुक्रवारची दुपार. आणि त्या खेळाच्या कंपनीने काय करावं? खेळ नवा केला. रस्ते नवे, झाडं नवी, झाडांना पानं वेगवेगळी. कोणी मागितली होती पानं? माझा कॉम्प्युटर दोन शुक्रवार धापा टाकत चालला आणि तिसऱ्या शुक्रवारी त्याला रस्ताच दिसेना. म्हणजे ट्रक आहे, आकाश आहे, टोमॅटो आहेत, रस्ता नाही. मी हवेत. बहीजा पुढे पेट्रोल पंपावर चाळीस मिनिटं उभी.

शेवटी म्हणते, "हाशिम, पुढच्या शुक्रवारी नॉर्वेला जायचंय. आलास तर तू, नाहीतर हिकमत येतो म्हणालाय. त्याने नवा कॉम्प्युटर घेतलाय."

हिकमत! बसऱ्याचा आमचा चुलतभाऊ. या माणसाने मला एकदा बारा पोती जिरं विकलं. वरची मूठ अशी की डोळे मिटून वास घ्यावा, आणि खाली? खाली अर्धी वाळू. मी विचारलं तर म्हणाला, "बसऱ्यात वारा फार." आणि हा माणूस माझ्या बहिणीच्या मागे ट्रक घेऊन जाणार? तिच्या गुडघ्यांचं ऐकणार?

मी बायकोकडे गेलो. साहिराने कूलरच्या नव्या मोटरसाठी अडीच लाख दिनार बाजूला ठेवले होते. मी म्हटलं, "उम्म मुहन्नद," मुहन्नदची आई म्हणून हाक मारली, काम असलं की मारतो, "मोटर अजून एक उन्हाळा ओढेल." तिने कूलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बहीजासाठी देतेय. तुमच्यासाठी असते तर चहा दिला असता फक्त." अडीच लाखांवर एक दिनार नाही, हेही सांगितलं. मी म्हटलं, अगं, भाव करायला तू कोणाला पाठवतेयस?

तर असा मी त्या कॉम्प्युटरवाल्यांच्या गल्लीत, कॉम्प्युटर पोटाशी धरून, निब्रासच्या दुकानात. पस्तिशीचा माणूस, चष्मा, आवाज असा हळू की जणू दवाखान्यात बसलाय. शिंका आवरल्यावर म्हणाला, "हाजी, याला नवं ग्राफिक्स कार्ड लागेल, थोडी मेमरी लागेल. बाकी चालवून घेऊ." आणि एक कार्ड ठेवलं समोर. छोटंसं, गोंडस. "तीन लाख चाळीस."

मी हसलो. पहिला भाव ऐकून हसायचं असतं. मग म्हटलं, "एक ऐंशी." तो हसला नाही. म्हणाला, "तीन चाळीस." मी म्हटलं, "दोन, आणि तुझ्या मुलांचं भलं होवो." तो म्हणाला, "तीन चाळीस, आणि तुमच्याही." म्हणजे हा माणूस तिथून हलतच नाही. भिंतीशी भाव केल्यासारखं. तेव्हा मी शेवटचं अस्त्र काढलं. निघालो.

आता निघणं म्हणजे तुम्हाला काय वाटतं, नुसतं चालू लागणं? ती कला आहे. खांदे पाडायचे, सुस्कारा असा सोडायचा की गल्ल्यापर्यंत पोचावा, दाराशी आल्यावर काहीतरी आठवल्यासारखं थांबायचं, मग पाय उचलायचा. शोरजात तिसऱ्या पावलाला हाक येते. फार हट्टी दुकानदार असला तर सातव्या. मी सात टाकली. बारा टाकली. माणूस किती हळू चालू शकतो याला मर्यादा आहे हो. चालता चालता मनुकांच्या सरबताच्या दुकानाशी पोचलो, एक पेला प्यायलो, दुसरा प्यायलो, हाक नाही. वळून बघतो तर निब्रास दुसऱ्या कोणाचा तरी कॉम्प्युटर उघडून बसलेला. माझा तिथेच, झाकण उघडं, आतडी बाहेर.

परत गेलो. मान खाली. तो म्हणाला, "हाजी, मधल्या वेळात डॉलर चढला. आता तीन पंचेचाळीस."

दोन पेले सरबतात पाच हजार. बत्तीस वर्षं शोरजात काढली मी, भाव मी चढवलेत, पाडलेत, झोपवलेत. पण मी सरबत पीत असताना भाव माझ्यामागे वाढतोय, हे नव्हतं पाहिलं.

मग मी सरळ झालो. म्हटलं, "बेटा, माझ्याकडे अडीच लाख आहेत. खिसा उलटा करून दाखवू?" तर त्याने खालच्या फळीवरून दुसरं कार्ड काढलं. हे एवढं थोरलं, विटेसारखं, तीन पंखे लावलेलं. म्हणाला, "हे जुनं आहे, वापरलेलं आहे, खोटं सांगत नाही. पण ताकद त्या छोट्यापेक्षा जास्त. हे, मेमरी, आणि याला पोसायला जुना पॉवर सप्लाय, सगळं मिळून दोन पंचेचाळीस."

मी म्हटलं, ताकद जास्त आणि पैसे कमी? यात वाळू कुठे आहे?

तो म्हणाला, "वीज फार खातं. म्हणून कोणी घेत नाही. हाजी, घरी जनरेटरचे किती अँपिअर घेता?"

आता बघा. खोलीत आम्ही पाच माणसं. आपल्याकडे माणसाला पगार विचारा, सांगेल. वय विचारा, दोन वर्षं कमी करून का होईना, सांगेल. पण सरकारी लाइट गेली की मोहल्ल्याच्या जनरेटरवरून घरात किती अँपिअर विकत येतात, हे चारचौघांत विचारायचं? आमच्या शेजारच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा तिच्या आत्याने मुलाचं नाव नंतर विचारलं, आधी अँपिअर विचारले. आणि नेमका माझ्या आधी तो इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ, त्याला हाच प्रश्न विचारला तर कसा म्हणाला, मान थोडी तिरकी करून, "आठ." आठ म्हणे. आणि माझ्या त्या मसाल्याच्या डब्यावर सगळे आधीच हसलेले...

मी म्हटलं, "दहा."

कसं तोंडातून निघालं, मला माहीत नाही. निघालं. आमच्या घरी चार येतात. चार. पण त्या "दहा"नंतर खोलीत जी शांतता पसरली ना, ती फार छान होती. इस्त्रीच्या शर्टाने बाजूला सरकून मला खुर्ची दिली. निब्रासने चष्मा वर केला, "माशाल्लाह. मग तुम्हाला काय काळजी, घेऊन जा." त्याच्या मागे भिंतीवर पाटी होती: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती पाटी मी चांगली ओळखतो. माझ्या दुकानातही आहे.

शुक्रवार उजाडला. भरल्या भाज्यांचा दोल्मा खाऊन झाला, हात धुतले, सरकारी लाइट होती. मी कॉम्प्युटर चालू केला. तीन पंखे फिरले, विमान उडावं तसा आवाज, आणि वास? कसलाच नाही. निब्रासने आतून सगळं पुसून काढलेलं. मला क्षणभर परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटलं. आणि मग रस्ता आला... काय सांगू. पानंसुद्धा आली. नव्या पानांबद्दल मी जे काही बोललो होतो ते सगळं परत घेतो. काचेवर पावसाचा थेंब पडला तर मी हाताने पुसायला गेलो.

कानात बहीजा, "आलास? हिकमतला सांगते, गाडी घरी ने."

बावीस मिनिटं. बावीस मिनिटं मी तिच्या मागे चाललो आणि तिने मला सांगितलं की डॉक्टर गुडघ्याचं ऑपरेशन म्हणतोय आणि तिला भीती वाटते. मी म्हटलं, "अगं, त्यात काय भ्यायचं," आणि ती म्हणाली, "हाशिम, ऐक ना, मला रात्री..." आणि सरकारी लाइट गेली.

ठीक आहे. रोजच जाते. तीन मिनिटांत जनरेटर आला, फ्रीज गुरगुरला, कूलर खोकला, मी कॉम्प्युटर चालू केला, पंखे फिरले, रस्ता दिसला... खट्. दाराजवळचा ब्रेकर पडला. सगळं घर गप्प. मी उठवला. खट्. परत उठवला. खट्.

कूलरसमोरच्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "कोण मारतंय ते?" सासूबाई, हाज्जा वजीहा, वय अठ्ठ्याहत्तर, उन्हाळ्याचे चार महिने त्या खाटेवरून हलत नाहीत.

साहिरा स्वयंपाकघरातून आली. बघितलं तिने ते धूड. "हे किती खातं?"

"तीन. थोडं वर."

"फ्रीज एक, कूलर दीड, दिवे-पंखे अर्धा. येतात चार. तुम्ही त्या माणसाला सांगितलं नाहीत का, आपल्याकडे चार येतात?"

मी ब्रेकर न्याहाळू लागलो. छत्तीस वर्षं संसार झाला की बाईला न बोललेलंही ऐकू येतं.

"किती सांगितलेत?"

"...दहा."

ती खाली बसली. नुसती बसली. "दहा तर त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडेही नाहीत."

मी चपला घातल्या आणि थेट जनरेटरवाल्या अबू करारकडे. भर दुपार, जुलै, एकोणपन्नास डिग्री, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. म्हटलं, "अबू करार, तुझ्या आईबापाच्या पुण्याईने, तीन अँपिअर वाढव." तो म्हणाला, "तीन? अर्धा मागून बघा, तोही नाही. यंत्र आत्ताच रडतंय, सप्टेंबरपर्यंत यादी बंद." आणि मग कान खाजवत म्हणाला, "बाकी एक गंमत सांगतो. माझा मेव्हणा कॉम्प्युटर विकतो, निब्रास. काल सांगत होता, तुमच्या मोहल्ल्यात एक दहा अँपिअरवाले हाजी राहतात. मी म्हटलं शक्यच नाही, माझी लोकं मला पाठ आहेत. तुम्हाला माहितीयेत का कोण ते?"

मी म्हटलं, "नाही. नवीन आले असतील."

बत्तीस वर्षं शोरजात काढली मी, आणि माझीच थाप मला बगदादच्या उन्हात समोरून चालत येताना भेटेल... नव्हतं पाहिलं.

घरी आलो तर फोन वाजतोय. बहीजा. "मी नॉर्वेच्या बंदरावर उभी आहे. येतोस की नाही? हिकमत विचारतोय." आणि तिचा आवाज, तुम्हाला सांगतो, रागाचा नव्हता. रागाचा असता तर मी झोपलो असतो. ते अर्धं राहिलेलं वाक्य होतं ना, "मला रात्री"... ते तिच्याकडे तसंच होतं. पुढचं हिकमतला सांगणार होती की काय?

मी घरात जाहीर केलं. फ्रीज बंद. कूलर बंद. दिवे बंद. अर्धा तास. साहिरा म्हणाली, "आणि अम्माला काय सांगू? जावई ट्रकवर गेलाय?" मी सासूबाईंच्या खाटेशी उकिडवा बसलो, सगळं सांगितलं, बहिणीचं, गुडघ्याचं. त्या म्हणाल्या, "अरे हाशिम, माणूस बहिणीसाठी कूलर बंद करतो, ते ठीक. पण माझ्यासाठी कधी एखादा दिवाही बंद केला नाहीस." मी म्हटलं, आता करतोय ना, सगळेच.

बसलो. अंधारी खोली, घाम नाकावरून टपटप बटणांवर, डोक्यावर ओला टॉवेल, आणि मी बंदरातून बाहेर पडलो. बहीजा पुढे. डोंगर. वळण. आणि वळणानंतर बर्फ. सगळीकडे. झाडांवर, छपरांवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पांढरा, निळसर... खोलीतलं सगळं पांढरं झालं, भिंतीसुद्धा.

मागे खाट करकरली. सासूबाई, ज्या चार महिने हलत नाहीत, त्या खुर्ची ओढत माझ्या खांद्याशी. "हे काय?"

"बर्फ, अम्मा."

"हळू जा." जरा वेळाने, "त्या गाडीची खिडकी उघडते का?"

एक बटण आहे त्याला. मी उघडली. हेडफोन काढून आवाज खोलीत सोडला. वाऱ्याचा आवाज आला, थंड, लांबून येणारा, आणि सासूबाईंनी डोळे मिटून डोक्यावरचा रुमाल गळ्याखाली सैल केला. साहिरा दाराशी होती, तीही आली. एकोणपन्नास डिग्रीत आम्ही तिघं त्या खिडकीशी बसलो आणि शपथेवर सांगतो, साहिरा म्हणाली, "जरा बरं वाटतंय."

स्क्रीनमधून बहीजा, "हाशिम, कोण आहे तिथे?"

"सासूबाई आहेत."

"वजीहाखाला? खाला, कशा आहात? तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं ना?"

आणि गेलं. सगळं गेलं माझ्या हातातून. कोणता डॉक्टर, किती टाके, रात्री भीती वाटते का? वाटते ना गं, मलाही वाटायची, मी काय करायचे सांगू, बडीशेप घालून दूध घ्यायचे आणि डॉक्टरला शिव्या द्यायचे. ज्या वाक्यासाठी मी फ्रीज बंद केला ते वाक्य माझ्या सासूला मिळालं. आणि बहीजा हसली. मोठ्याने. नवरा गेल्यापासून मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. मग सासूबाई मला म्हणाल्या, "सरक." मी म्हटलं, अम्मा, तुम्हाला येणार नाही. त्या म्हणाल्या, "चार तर बाण आहेत, पुढे मागे डावं उजवं. तुझं दुकान याहून अवघड आहे का?" पहिल्या दिवशी तीन खांब आणि एक मेंढी. दुसऱ्या शुक्रवारी खांब फक्त. आता वेळेआधी माल पोचवतात.

हिकमतचं नाव निघत नाही, हे खरं. त्या बाबतीत मी जिंकलो. पण शुक्रवारी बहीजाचा फोन येतो आणि मी "हॅलो" म्हणेपर्यंत ती विचारते, "खाला बसल्या का?"

मला काम आहे, नाही असं नाही. फ्रीज फार वेळ बंद ठेवला तर मांस खराब होतं. म्हणून दर वीस मिनिटांनी त्या दोघी कुठल्यातरी पंपावर ट्रक लावतात, इकडे कॉम्प्युटर बंद करतात, फोनवर गप्पा मारतात, आणि मी स्वयंपाकघरात अंधारात बटणाशी उभा राहून फ्रीज दहा मिनिटं चालू करतो, मग बंद करतो, मग ओरडून सांगतो, "निघा." दरवाजा उघडा ठेवला तर तिथून ऐकू येतं बहुतेक. ऑपरेशन सप्टेंबरात आहे.

परवा बहीजाने विचारलंच, "खाला, हाशिम दिसत नाही, कुठे असतो हल्ली?"

सासूबाईंनी गिअर बदलला. म्हणाल्या, "आहे की. फ्रीजला आहे."